पोटावरची पिशवी

मला किळस लवकर येते. कळस या आमच्या गावी घरी मेंढरं होती तेव्हापासूनची ही खोड. एखाद्या मेंढीच्या पायाला जखम होऊन तीत आळ्या पडल्या की वडील काडीनं एकेक आळी टिपून काढायचे, जखमेत हळद दाबायचे, हात धोतराला पुसायचे आणि त्याच हातानं भाकरी मोडायचे. मी ताट सरकवून उठायचो. वडील हसायचे. म्हणायचे, ह्येला पाटलाच्या घरी जन्माला घालायला पायजे हुता.

पुढं मेंढरं विकली, शेती आली, मी बारामतीच्या कॉलेजातून बीएस्सी झालो आणि एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. ती नोकरी मला आवडली याचं खरं कारण म्हणजे तिथल्या पांढऱ्या फरशा आणि काचेच्या नळ्या. बाहेर मळीचा वास, चिखल, बैलांचं शेण. आत मात्र सगळं धुतलेलं, पुसलेलं. दर तासाला उसाचा रस यायचा, मी तो तपासायचो, आकडे लिहायचो. रसात जरा काही वेगळं दिसलं की मी फोन उचलायचो. वीस-बावीस वर्षं हेच केलं. त्यामुळं पुढं जे झालं त्याची मला जास्तच लाज वाटते.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी, नोकरीसाठी पुढं कळंबला बांधलेल्या घरातल्या संडासाच्या पांढऱ्या भांड्यात मला रक्त दिसलं. थोडंसंच होतं. आदल्या दिवशी मटण झालं होतं, तिखट जास्त पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आठ दिवसांनी परत दिसलं, आणि त्याबरोबर शेंबडासारखा काहीतरी चिकट पदार्थ. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी एक गोष्ट सुरू केली. मागं वळून न बघता पाणी ओतायचं. जवळजवळ दोन वर्षं मी बघितलं नाही. दुसऱ्यांच्या उसाचा रस तासातासाला तपासणारा मी, माझ्या पोटातून काय बाहेर पडतंय ते बघायला तयार नव्हतो.

बायकोला कळलं ते कपडे धुताना. तिनं माझी चड्डी वर धरून विचारलं, हे रगात कशाचं. मी म्हणालो, मूळव्याध आहे, बसून काम असतं ना. तिनं डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं. मी हो म्हणालो आणि डॉक्टरकडं न जाता, कामावरच्या एकानं सांगितलेल्या माणसाकडं गेलो. दुसऱ्या माणसानं तिथं हात लावायची मला शिसारी होती. हा माणूस म्हणे नुसतं बघून औषध देतो, बोटसुद्धा लावत नाही.

त्याचं दुकान इंदापूरच्या रस्त्याला होतं. पत्र्याची खोली, दारावर फळी, 'मूळव्याध भगंदर बिगर ऑपरेशन' असं लिहिलेली. आत एक बाक, त्यावर मेणकापड. मेणकापडावर आधीच्या माणसाचा घाम तसाच होता. कोपऱ्यात बादली, बादलीवर एक टॉवेल, जो कधीकाळी पांढरा असेल. फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या आणि त्यात पिवळट पाण्यात मांसाचे तुकडे तरंगत होते. हे सगळे कोंब मी काढलेले, असं तो म्हणाला. मी सायन्स शिकलेला माणूस. ते तुकडे कोंबडीच्या पोटातले होते हे मला तिथंच कळलं. तरीही मी त्या बाकावर आडवा झालो.

त्यानं हात न धुता बॅटरी मारून बघितलं, कोंब आहेत म्हणाला, काहीतरी मलम लावलं. आग आग झाली. एक काळी पूड दिली. पंधरा दिवस रक्त थांबलं, मी खूश झालो. मग परत सुरू झालं. परत गेलो. असा मी त्याच्याकडं चार वेळा गेलो, सात महिन्यांत. दरवेळी तो टॉवेल तोच असायचा, आणि दरवेळी बाहेर पडून मी नळावर कोपरापर्यंत हात धुवायचो. धुवायचं होतं दुसरंच, पण तेवढंच करता येत होतं.

माझी मोठी बहीण पिंपळीला असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिच्या गावच्या जत्रेला गेलो होतो, सकाळपासून पाच वेळा मला संडासला जावं लागलं. जायचं आणि काहीच व्हायचं नाही, नुसतीच कळ. पाचव्या वेळी रक्तावर पाणी नीट पडलं नाही, घाईत माझ्या लक्षात आलं नाही. माझ्यामागून आक्का आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. सगळे जेवायला बसले होते, ती मला खुणेनं मागच्या अंगणात घेऊन गेली.

"आबालाबी असंच हुत हुतं," ती म्हणाली.

मला राग आला. वडिलांचं काय मधेच, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी साडी नेसून, पिशवी घेऊन गाडीजवळ उभी होती. बारामतीला जायाचं, म्हणाली. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तिच्यापुढं माझं कधी चाललं नाही.

आबांचं सांगायला हवं. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं, नवं लग्न होतं, तेव्हा ते आजारी पडले. रक्त पडायचं, वाळत चालले होते. गावात कुणी संग्रहणी म्हणालं, कुणी करणी म्हणालं. नीट दवाखाना कुणी केला नाही, मीही नाही. शेवटी शेवटी त्यांना ताबा राहिला नाही. घरभर वास सुटायचा. माझ्या बायकोपुढं, माझ्या पाहुण्यांपुढं तो वास मला सहन होईना. आईला मीच म्हणालो की त्यांची खाट मागच्या पत्र्याच्या खोलीत टाकू. त्या खोलीत पूर्वी मेंढरांची लोकर ठेवायचे. खाट हलवली. आक्का आठवड्यातून दोनदा पिंपळीहून यायची, त्यांना आंघोळ घालायची, चादरी ओढ्यावर नेऊन धुवायची. मी दारात उभा राहायचो, नाकाला रुमाल लावून. एकदा त्यांनी पाणी मागितलं. आत जायला लागू नये म्हणून मी तांब्या उंबऱ्यात ठेवला आणि पायानं आत सरकवला. ते खाटेवरून उतरले, रांगत आले, पाणी प्यायले. त्या खोलीतच ते गेले. काय आजार होता ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

बारामतीच्या डॉक्टर पोटाच्या आजारांच्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. बाई आहेत हे बघून मी दारातूनच मागं फिरत होतो, आक्कानं दंड धरला. डॉक्टरांनी सगळं विचारलं. रक्त कधीपासून, रंग कसा, शौच बारीक होतंय का, वजन. मग तपासायला हवं म्हणाल्या. पडदा ओढला, हातमोजा घातला, कुशीवर वळायला सांगितलं. मी भिंतीकडं तोंड करून दात आवळून पडलो. एका मिनिटात झालं. सात महिने त्या बाकावर पडून जे कुणी केलं नव्हतं ते एका मिनिटात झालं, तेही स्वच्छ हातमोजा घालून.

हात धुऊन त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मूळव्याध आहे, पण थोडी. त्याच्या वर बोटाला गाठ लागतेय. दुर्बिणीनं आतडं बघावं लागेल." मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, घरात कुणाला आतड्याचा आजार होता का?

"नाही," मी म्हणालो.

आक्का शेजारीच बसली होती. "हाय," ती म्हणाली. "आमच्या आबाला हुता. ह्येला आठवत न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि ते लिहून घेतलं.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी नुसतं पातळ खायचं आणि दोन लिटर पाण्यात पूड कालवून प्यायची. चव म्हणजे साबणाच्या पाण्यात लिंबू पिळावं तशी. तिसऱ्या पेल्याला ओकारी आली, पण बायको समोर बसली होती, ती उठेना. मग जे सुरू झालं ते दुपारपासून संध्याकाळपर्यंत. पंधरा वेळा तरी गेलो असेन. आतडं साफ झालं की नाही ते बघून सांगा, नुसतं पिवळसर स्वच्छ पाणी पडलं पाहिजे, असं नर्सनं बजावलं होतं. म्हणजे बघणं भाग होतं. दोन वर्षांनी मी मागं वळून बघितलं. पिवळं पाणी होतं आणि त्यात लाल धागे होते.

तपासणीच्या खोलीत मागून उघडा अंगरखा घालून डाव्या कुशीवर झोपवलं, हातात गुंगीची सुई टोचली. त्यानंतरचं मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा आक्का आणि बायको डॉक्टरांसमोर बसल्या होत्या. मलाही बोलावलं. पडद्यावर फोटो होते. ओला, गुलाबी, चकचकीत बोगदा. त्यात तीन ठिकाणी छोटी मांसाची गाठ, देठावर अळंबी उगवावी तशी. डॉक्टर म्हणाल्या, याला पॉलिप म्हणतात. दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकायचा, देठाशी आवळायचा, करंट द्यायचा, तुटून येतं. तिन्ही काढले होते. मग चौथा फोटो. तो बघून मी मान फिरवली. फुलकोबीचा गड्डा सडून काळा-लाल व्हावा तसं काहीतरी, निम्मा रस्ता अडवून बसलेलं, वर रक्त आणि पू. ते माझ्या आत होतं. मी ते घेऊन पंगतीला बसत होतो, शेजारच्याचा हात माझ्या ताटाला लागला तर नाक मुरडत होतो.

"हा तारेत मावणारा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुकडे काढून तपासायला पाठवलेत."

आक्कानं विचारलं की हे किती दिवसांचं असंल. त्या म्हणाल्या की असा पॉलिप वाढायला आणि बिघडायला बहुतेकदा बरीच वर्षं लागतात. आधीच रक्त दिसलं तेव्हा आला असता तर कदाचित हाही लहान असता. कदाचित, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मला बरं वाटावं म्हणून असेल.

रिपोर्ट आला. कॅन्सर. पुण्याला जाऊन बाकीचे फोटो काढले. दुसरीकडं कुठं पसरलेला नव्हता. ऑपरेशन करून तेवढं आतडं काढायचं आणि दोन टोकं जोडायची, पण जोड खाली होता, तो भरेपर्यंत मळ तिथून जाता कामा नये. म्हणून वरचं लहान आतडं पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावायची. काही महिन्यांसाठी. सर्जन हे असं सांगत होते जणू घराची मोटार बिघडली म्हणून चार दिवस टँकर लावतोय. मी विचारलं की त्याशिवाय काही मार्ग नाही का. ते म्हणाले, आहे, कायमची पिशवी.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी ते पहिल्यांदा बघितलं. बेंबीच्या उजवीकडं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल, ओलं बोंड. ते हलत होतं. आपोआप आकसत होतं, सैल होत होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातून हिरवट पाणी पिशवीत पडलं. मी तिथंच ओकलो. टाके दुखून डोळ्यांत पाणी आलं. नर्सनं ट्रे पुढं धरला, तोंड पुसलं आणि काही झालंच नाही अशा आवाजात पिशवी कशी रिकामी करायची, ती पोटाला चिकटवायची चकती कशी बदलायची, कातडीला ते पाणी लागलं तर कशी सोलवटते, हे बायकोला दाखवायला लागली. बायकोनं दोनदा करून दाखवलं. मला म्हणाली, तुमी बगा. मी खिडकीकडं बघत राहिलो.

कळंबला घरी आल्यावर दिवसातून सहा-सात वेळा पिशवी रिकामी करावी लागायची. तिचा वास लपत नाही. ती कधी फुगायची, कधी भर बोलण्यात पोटातून फुर्र आवाज करायची. भेटायला येणारे तोंडावर तोंडभरून बोलायचे आणि डोळे माझ्या शर्टाच्या बटणांवर. एका चुलत भावानं तर मला दाखव म्हणून धरलं, एखादं नवं जनावर बघायला यावं तसं. एक पाहुणी बायकोला चुलीशी नेऊन सांगून गेली की ताट-वाटी वेगळी ठेव, घरात पोरगी आहे. हा आजार ताटावाटीतून लागत नाही, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला होता की मी कूस बदलून झोपेचं सोंग घ्यायचो. आणि त्यांचा तिटकारा करता करता मला लोकरीची ती खोली आठवायची.

दुसऱ्या महिन्यात इंदापूरला बायकोच्या भाचीचा साखरपुडा होता. मी नको म्हणत होतो, पण एवढे दिवस घरात कोंडून मलाही वीट आला होता. ढगळ सदरा घालून गेलो. पंगतीत बसलो, भात कालवला, आणि कमरेला कोमट ओलं जाणवलं. चकती एका बाजूनं सुटली होती. खाली बघितलं तर सदऱ्यावर डाग पसरत होता. शेजारच्या माणसानं नाक वर केलं, इकडं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि स्वतःची पत्रावळ हळूच पलीकडं सरकवली. तो माणूस वाईट नव्हता. मीही अगदी तसंच केलं असतं.

बायको वाढायला आली होती, तिनं बघितलं. हातातली बुट्टी दुसरीकडं दिली, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि मंगल कार्यालयाच्या मागच्या न्हाणीघरात नेलं. पदर कमरेला खोचला, बादली भरली. सदरा काढला, चकती काढली. ते सगळं तिच्या हातावर, बांगड्यांवर आलं. ती पाणी टाकत होती आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. एकदम तिनं तोंड फिरवलं, मोरीत वाकली, ओकली. चूळ भरली आणि परत माझ्या पोटाला हात लावला.

"तुला किळस येती ना?" मी विचारलं.

"येती की. रोज येती."

ती कातडी टिपून कोरडी करत होती. नवी चकती हाताच्या उबेनं गरम करता करता, वर न बघता ती बोलली, "आबा पानी मागत हुतं, तवा तुमी तांब्या पायानं सरकावला. म्या चुलीपासनं बगितलं. तवा तुमची किळस आली हुती मला."

पंचवीस वर्षं ती हे बोलली नव्हती. मला वाटत होतं की ते कुणी बघितलंच नाही. मी विचारलं, "आन् आता?"

"आता हाल नगा, चकती वाकडी बसंल," ती म्हणाली.

त्यानंतर पिशवी मी माझी मी रिकामी करायला लागलो. पहिले काही दिवस नाकात कापूर घालून. चकती बदलायला मात्र तीच लागायची, मला ते बोंड बघवत नव्हतं, आणि शेवटपर्यंत बघवलं नाही.

तीन महिन्यांच्या वर झाल्यावर जोड भरल्याची खात्री करून पिशवी काढली आणि आतडं आत घातलं. मला वाटलं सुटलो. पण आतड्याचा तळ कापलेला, साठवायला जागा नाही. दिवसातून दहा-दहा वेळा पळावं लागायचं. कारखान्याच्या लॅबमध्ये माझी खुर्ची दारापाशी हलवली. गाडीवरून बारामतीला जाताना कुठं कुठं संडास आहे, कुठला उघडा असतो, कुठल्याचा नळ चालतो हे मला तोंडपाठ झालं. हळूहळू कमी होत होत आता चार-पाचवर आलंय. सर्जन म्हणाले, बहुतेक एवढंच राहील.

पिशवी निघून दोन महिने झाले असतील, इंदापूरला कामाला गेलो होतो. येताना त्या मूळव्याधवाल्याच्या पत्र्याच्या खोलीसमोर चार-पाच माणसं बसलेली दिसली. मी गाडी थांबवली. कशासाठी ते मलाही नक्की माहीत नव्हतं. तो बाहेरच उभा होता. त्यानं मला ओळखलं. हसला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि बसलेल्यांना म्हणाला, "ह्ये बगा. सायब सोता कारखान्यात हायेत. माज्याच औषदानं बरं झालं."

त्याचा हात खांद्यावर होता, त्याला त्याच टॉवेलाचा वास होता. मी सदरा वर केला. पोटावर उभा व्रण, उजवीकडं पिशवीच्या जागी आवळून शिवलेला दुसरा, लाल, खड्डा पडलेला. बसलेल्या माणसांत एक म्हातारी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

"ह्यानं मला सात महिने मूळव्याध म्हणून मलम लावलं," मी म्हणालो. "मला आतड्याचा कॅन्सर होता. रक्त पडत असंल तर दवाखान्यात जा. दुर्बिणीनं बघून घ्या."

तो शिव्या द्यायला लागला. दोघं उठून गेले. बाकीचे बसूनच राहिले. म्हातारी तर माझ्याकडं रागानं बघत होती, मी काहीतरी अमंगळ दाखवल्यासारखी. खोली अजून चालू आहे. पंचायतीत अर्ज दिला, तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं. महिनाभर कुलूप होतं, मग परत फळी लागली.

राहता राहिली आक्का. बारामतीच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट आला त्याच दिवशी सांगितलं होतं की वडिलांना असंच असावं, तुम्हाला आहे, तर बहिणीनंही दुर्बिणीनं तपासून घ्यावं, त्रास नसला तरी. आणि माझ्या मुलीनं चाळिशीच्या आधीच, वेळ आली की. मला ओढत नेणारी आक्का स्वतःच्या बाबतीत मात्र टाळत राहिली. आधी ऊस तुटू दे, मग नातवाचं बारसं होऊ दे. मला काय बी हुत न्हाय, म्हणायची. वर्ष गेलं. शेवटी मी सुट्टी काढून पिंपळीला गेलो, पूड आणि पाण्याच्या बाटल्या घेऊनच.

ती चिडली, मग हसली, मग प्यायला बसली. तिचे गुडघे गेलेत, सारखं उठबस होईना. चौथ्या-पाचव्या वेळेला तिला संडासपर्यंत पोचता आलं नाही. सून शेतावर होती, मुलगा गावात. वाटेत, फरशीवर, तिच्या पायांवर, लुगड्याच्या काठावर. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, तू भाईर जा, सून यील.

मी बाहेर गेलो नाही. बादली आणली, झाडू आणला. तिचे पाय धुतले, फरशी धुतली, लुगडं भिजत टाकलं. मला मळमळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, दोनदा दारात जाऊन श्वास घेऊन आलो. किळस आली, भरपूर आली. आक्का खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होती. नंतर मी तिला पुढचा पेला भरून दिला आणि ती प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिच्या आतड्यात दोन पॉलिप निघाले. एक मुगाएवढा, एक बोराएवढा. दोन्ही डॉक्टरांनी तारेनं काढले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण मोठ्यातल्या पेशी बिघडायच्या वाटेवर होत्या. आता तीन वर्षांनी परत बघायचं, डॉक्टर म्हणाल्या. आक्कानं विचारलं की काढलेलं मला बघायला मिळेल का. ते लॅबमध्ये गेलं, फोटो आहे, असं म्हणून त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा काढून पुसला, परत लावला. डॉक्टरांना म्हणाली, "आबाला तुमी असता तर..." आणि थांबली. डॉक्टरांनी फाईल मिटून तिच्या हातात दिली. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, चहा पिऊ या, सकाळपासून काही पोटात नाही. मी तिला दवाखान्याच्या समोरच्या हॉटेलात घेऊन गेलो आणि संडासाच्या जवळचं टेबल बघून बसलो.